आधी वाट, मग वंगण

१९९६ च्या मे महिन्यात काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेतली १५ हॉर्सपॉवरची मोटार माझ्या हातून जळाली. बेअरिंग आवाज करते म्हणून मालकाने मला बोलावले होते. मी निपलला ग्रीसगन लावली आणि दांडा जड होईपर्यंत दाबत राहिलो. वंगण जास्त झाले तर बिघडते कुठे, अशी माझी तेव्हाची समजूत. त्या मोटारीच्या बेअरिंगखाली निचऱ्याचे एक बूच होते. आधीच्या कुणीतरी मोटार रंगवताना ते रंगाखाली झाकून टाकले होते आणि मी ते शोधले नाही. बाहेर पडायला जागा नसलेले ग्रीस आतल्या बाजूने वाइंडिंगवर गेले. तिसऱ्या दिवशी मोटार धूर सोडून बसली.

आंबिया बहाराची सुपारीएवढी फळे झाडांवर होती. मोटार रिवाइंड होऊन परत बसेपर्यंत आठ दिवस गेले आणि तेवढ्यात झाडांखाली फळांचा सडा पडला. मालक मला एका शब्दाने बोलला नाही. उलट मजुरीचे पैसे टेबलावर ठेवून गेला. ते मी परत पाठवले.

त्याच आठवड्यात वायुसेनेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणत असू. उमेदीची वर्षे त्यांनी डकोटा विमानांच्या देखभालीत घालवली होती. उघडून ठेवलेल्या मोटारीवरचे ग्रीस त्यांनी बोटाने पुसले, खालच्या बुचावरचा रंग नखाने खरवडला आणि म्हणाले, “वंगण तं भरलं बाप्पा, पण त्याले जायले वाट कुठं देल्ली तू? विमानाच्या पंख्याले वंगण देतेत, तवा पह्यले भोक उघडतेत, मंग गन लावतेत.”

विमानाच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, वंगण कसे देतात हे मी त्यानंतर वाचत गेलो. उत्पादकांची देखभाल-पुस्तके, अपघातांचे अहवाल, जुनी पाठ्यपुस्तके जमतील तशी मिळवली. मी परवानाधारक विमान अभियंता नाही. पण पंप, मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या विषयात शिकण्यासारखे फार आहे.

पंख्याला वंगण लागते कशाला?

पहिला गैरसमज आधी दूर करतो. प्रत्येक प्रोपेलरला वंगण लागत नाही. नागपूर फ्लाइंग क्लबच्या सेसना १५२ सारख्या शिकाऊ विमानाचा प्रोपेलर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या एकाच तुकड्याचा असतो. तो इंजिनच्या दांड्याला बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि त्यात हलणारा एकही भाग नसतो. त्याला वंगण देणार कुठे?

वंगणाचा प्रश्न येतो तो पाती स्वतःभोवती वळू शकणाऱ्या प्रोपेलरमध्ये. प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा छोटा पंखच. ते हवेला किती कोनात कापते, यावर सारे अवलंबून असते. जमिनीवरून उठताना विमानाचा वेग कमी असतो. तेव्हा कोन लहान हवा, म्हणजे इंजिन पूर्ण फेऱ्यांवर फिरून पूर्ण ताकद देते. वर जाऊन वेग आला की कोन मोठा हवा. ट्रॅक्टर नांगरटीला एका गिअरमध्ये आणि डांबरी रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चालवतात, तसेच हे आहे. पाती पक्की असली की एकाच गिअरवर सगळा प्रवास करावा लागतो.

उडता उडता पात्यांचा कोन बदलता येईल असा भरवशाचा प्रोपेलर अमेरिकेतल्या हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीने फ्रँक काल्डवेल यांच्या नेतृत्वाखाली तयार केला. त्यासाठी कंपनीला १९३३ सालची कोलियर ट्रॉफी मिळाली. नागपूरसारख्या ठिकाणी त्याचे मोल अधिक कळते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोघांचीही ताकद घटते आणि धावपट्टी अपुरी वाटू लागते. अशा वेळी उड्डाणासाठी पात्याचा कोन लहान करता येणे ही चैन नाही, गरज आहे.

पण पाते वळायचे तर त्याचे मूळ मधल्या हबमध्ये बेअरिंगवर बसले पाहिजे. बंडीच्या चाकाचे आरे जसे तुंब्यात बसतात, तशी ही पाती हबमध्ये बसतात. फरक एवढाच की आरा तुंब्यात पक्का असतो आणि पाते हबमध्ये वळते.

एका पात्याची ओढ

ते बेअरिंग काय सोसते, याचा हिशेब मी एकदा वहीत मांडला. लहान विमानाचे इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४५. पात्याचे वजन ६ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य हबच्या मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर धरला, तर ते पाते बाहेरच्या बाजूला सुमारे १७ टनांच्या जोराने ओढले जाते. दोन आसांचा भरलेला ट्रक एका पात्याला टांगावा, इतकी ही ओढ. प्रोपेलरचा व्यास १.९ मीटर असेल तर पात्याचे टोक ताशी ९५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते.

एवढ्या ओझ्याखाली हे बेअरिंग करते काय? जवळजवळ काहीच नाही. मोटारीचे बेअरिंग गरगर फिरते आणि फिरता फिरता आपल्याभोवती तेलाचा पापुद्रा ओढून घेते. पात्याच्या मुळाचे बेअरिंग थोडे इकडे, थोडे तिकडे, एवढेच हलते. कोन बदलला नाही तर तासन्तास त्याच जागी दबून थरथरत राहते. गोळी आणि तिची वाट एकाच ठिकाणी घासत राहिली की तिथला पापुद्रा पिळून निघून जातो आणि बारीक खळगे पडू लागतात. म्हणून या बेअरिंगला वंगण जास्त जपून द्यावे लागते.

ग्रीस म्हणजे नुसते घट्ट तेल नव्हे. कापसाच्या बोळ्यात तेल भिजवून ठेवावे, तशी त्याची रचना असते. बोळ्याचे काम करतो तो साबण किंवा विशिष्ट प्रकारची माती, आणि तेल त्यात धरून ठेवलेले असते. प्रोपेलर फिरतो तेव्हा हबमधले ग्रीसही त्याच्याबरोबर फिरते. दुधातून मलई वेगळी करणाऱ्या यंत्रात होते तसे कालांतराने तेल आणि बोळा अलग होऊ लागतात. त्यात पावसाळ्याची दमट हवा भर घालते. पाणी आत शिरले की बेअरिंगच्या पोलादावर गंज धरतो.

त्यामुळे प्रोपेलरच्या वंगणाला तासांची मुदत असते तशी दिनदर्शिकेचीही असते. ओहायो राज्यातली हार्टझेल कंपनी १९१७ पासून प्रोपेलर बनवते. लहान विमानांच्या तिच्या बहुतेक प्रोपेलरना १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, वंगण द्यायचे असते. वर्षभर विमान हँगरमध्ये उभे राहिले तरी वंगण चुकत नाही. तिच्या अनेक प्रोपेलरना २,४०० तास किंवा ६ वर्षे झाली की पूर्ण उघडून दुरुस्तीला पाठवावे लागते. आपल्याकडे चार महिने बंद ठेवलेला पंप पहिल्या दिवशीच का अडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

भोक आधी उघडायचे

आता काकाजींच्या वाक्याकडे येतो. हार्टझेलच्या या प्रोपेलरमध्ये प्रत्येक पात्यासाठी हबवर दोन निपल असतात, एक पुढच्या बाजूला आणि एक इंजिनच्या बाजूला. वंगण देण्याआधी त्यातले एक निपल पान्याने काढून ठेवतात. त्या भोकात जुने ग्रीस घट्ट होऊन बसले असेल तर ते बारीक तारेने मोकळे करतात. मग दुसऱ्या निपलला हाताची ग्रीसगन लावून सावकाश दाबतात. समोरच्या भोकातून ग्रीस बाहेर दिसले की थांबायचे. ते दिसले नाही तरी सुमारे ३० मिलिलिटर गेल्यावर थांबायचेच. मग काढलेले निपल परत बसवायचे, दोन्हींना टोप्या घालायच्या आणि पुढच्या पात्याकडे वळायचे.

भोक न उघडता गन दाबली तर काय होते? हबमध्ये दाब वाढतो आणि पात्याच्या मुळाशी असलेले सील उलटते. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या गनला म्हणूनच मनाई आहे, कारण हाताला दांडा जड लागतो आणि सावध व्हायला वेळ मिळतो. यंत्राला तसे काही कळत नाही. उलटलेल्या सीलमधून पुढच्या उड्डाणात ग्रीस पात्यावर ओघळते, कधी समोरच्या काचेवरही उडते. म्हणजे चांगले व्हावे म्हणून केलेल्या कामानेच बिघाड होतो. माझ्या मोटारीचे नेमके हेच झाले होते.

दुसरी काळजी ग्रीसच्या जातीची. अशा प्रोपेलरमध्ये एअरोशेल ६ हे ग्रीस सर्रास वापरतात. त्यातला बोळा मातीचा आहे. आपल्या ट्रॅक्टरला लागणारे नेहमीचे ग्रीस लिथियमच्या साबणाचे असते. दोन्ही एकमेकांत मिसळली की बोळा मोडतो, मिश्रण पातळ होते आणि तेल गळून जाते. डब्यावर दोन्ही ठिकाणी ‘ग्रीस’ असेच लिहिलेले असते, म्हणून दोन्ही एकच असे नाही. आधी काय भरले आहे ते नोंदवहीत पाहायचे आणि तेच भरायचे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बाहेर पडलेले ग्रीस पुसून टाकण्याआधी पाहायचे असते. बोटांत धरून चोळले आणि कण लागले, तर बेअरिंग झिजते आहे. तांबूस डाग असतील तर आत गंज आहे. काळे, पातळ तेल मिसळून आले, तर इंजिनचे तेल आणि ग्रीस यांच्यामधली ओ-रिंग गेलेली असण्याचा संभव मोठा. कारण पाते वळवण्याचे काम इंजिनचेच तेल करते. गव्हर्नर नावाचा भाग त्याचा दाब वाढवतो आणि ते तेल इंजिनच्या पोकळ दांड्यातून हबच्या पुढच्या भागातल्या पिस्टनवर जाते. जुन्या किर्लोस्कर ऑइल इंजिनवर फिरणारी वजने वेग सांभाळायची. प्रोपेलरच्या गव्हर्नरमध्येही तशीच वजने असतात.

मॅकॉली कंपनीच्या काही प्रोपेलरमध्ये तर ही युक्ती आणखी पुढे नेली आहे. त्यांच्या हबमध्ये ग्रीसऐवजी लाल रंग मिसळलेले तेल भरतात. ते वंगणाचे काम करतेच. शिवाय हबला केसाएवढी चीर गेली तर लाल ओघळ बाहेर दिसतो आणि विमान जमिनीवरच थांबवता येते. आत काय चालले आहे, ते वंगण बाहेर येऊन सांगते.

नागपूरची मध्यरात्र

या विषयाचा आपल्या जिल्ह्याशी मोठा संबंध आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि देशाच्या मध्यावर नागपूरला, सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. मध्यरात्रीनंतर टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. १ एप्रिल १९४९ पासून देशातली साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. मुंबईला टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळे, त्यामागे नागपूरची ही मध्यरात्र होती.

ही विमाने होती डकोटा. दोन बाजूंना प्रत्येकी १,२०० हॉर्सपॉवरचे, १४ सिलिंडरांचे इंजिन आणि त्यावर तीन पात्यांचा, सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा हॅमिल्टन स्टँडर्डचा हायड्रोमॅटिक प्रोपेलर. त्याची रचना हार्टझेलहून वेगळी. हबच्या पुढच्या घुमटात पिस्टन असतो. तो तेलाच्या दाबाने पुढे-मागे सरकतो आणि दातेरी चाकांमार्फत तिन्ही पाती एकदम वळवतो. इथे वेगळे ग्रीस भरायचे नाही. पाती वळवणारे इंजिनचे तेलच बेअरिंगलाही वंगण देते.

म्हणून डकोटाच्या प्रोपेलरची देखभाल म्हणजे मुख्यतः तेलावर नजर ठेवणे. काकाजी म्हणत, विमान थांबल्यावर पहिली बॅटरी पात्यांच्या मुळांवर मारायची. मुळापासून टोकाकडे तेलाची ताजी रेघ दिसली की सील गेले समजायचे. दुसरे काम उड्डाणापूर्वीचे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घुमटातले तेल थंड होऊन जड होते आणि पाती आळसावतात. म्हणून इंजिन गरम झाले की वैमानिक प्रोपेलरचा कोन दोन-तीनदा पूर्ण बदलून पाहतो. घुमटातले थंड तेल परत जाते, गरम तेल येते आणि यंत्रणा हुकूम ऐकते की नाही तेही कळते.

ती ऐकली नाही तर काय, हे दोन इंजिनांच्या विमानात जीवन-मरणाचे होते. एक इंजिन बंद पडले की समोरची हवा त्याचा प्रोपेलर फिरवत ठेवते आणि तो विमानाला मागे खेचतो. तेव्हा पाती वाऱ्याला समांतर, धार पुढे करून उभी करावी लागतात. यासाठी डकोटात स्वतंत्र विजेचा पंप होता. पण तो पंपही तेलच ढकलणार आणि त्या तेलाला घुमटापर्यंत मोकळी वाट हवी. वर्षभरात ही सोय एकदाही वापरावी लागली नाही, तरी दर वेळी ती तपासावी लागे.

लाकडाचे पाते आणि बंडीचे चाक

सगळ्या प्रोपेलरना धातूची पाती नसतात. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले पुष्पक विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचले. त्याचा आणि त्याआधीच्या टायगर मॉथचा प्रोपेलर लाकडाचा. लाकडाचे थर चिकटवून तो कोरलेला असे.

त्याला वंगण नाही, पण ऋतू असतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बंडीच्या चाकाचे लाकूड आकसते आणि लोखंडी धाव सैल होते. मग चाक पाण्यात टाकून ठेवायचे. लाकडी प्रोपेलरचे दुखणे हेच. पावसाळ्यात घट्ट केलेले बोल्ट उन्हाळ्यात लाकूड आकसल्यामुळे ढिले पडतात. उन्हाळ्यात आवळलेले बोल्ट पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला चेपतात. म्हणून हवामान बदलले की मोजणीच्या पान्याने बोल्ट पुन्हा तपासायचे. विमान उभे करताना लाकडी प्रोपेलर आडवा ठेवायचा, हाही नियम आहे. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते, ते पाते जड होते आणि पुढच्या वेळी सारे विमान थरथरते.

लेपाखालचा गंज

धातूच्या पात्याला धोका असतो तो ओरखड्याचा. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याच्या कडेला लागतो आणि तांदळाएवढी खाच पडते. १७ टनांची ओढ त्या खाचेच्या तळाशी एकवटते आणि तिथून चीर सुरू होते. म्हणून अशी खाच मर्यादेत असेल तर कानशीने पात्याच्या लांबीच्या दिशेने उतरती, गुळगुळीत करतात आणि मग पॉलिश करतात. ती लांबी किंवा रंग भरून बुजवणे हा गुन्हा मानतात. तसेच प्रोपेलर जोराच्या पाण्याने धूत नाहीत, पुसतात. आपल्याकडे सर्व्हिसिंगला ट्रॅक्टरच्या निपलवर पाण्याचा फवारा मारतात, त्याने पाणी सीलच्या आत ढकलले जाते.

झाकलेल्या दोषाची किंमत काय असते, याचे उदाहरण फार जुने नाही. १० जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या मरीन दलाचे केसी-१३०टी विमान मिसिसिपी राज्यात कोसळले आणि त्यातले सर्व १६ जण मरण पावले. उड्डाण चालू असताना डाव्या बाजूच्या एका प्रोपेलरचे पाते सुटले आणि विमानाच्या अंगातून आरपार गेले. चौकशीत दिसले की त्या पात्याच्या मुळाशी गंजाचे खड्डे होते आणि तिथून चीर वाढत गेली होती. २०११ मध्ये ते पाते वायुदलाच्या दुरुस्ती केंद्रात पूर्ण तपासणीला गेले होते. काही खड्ड्यांच्या आतही संरक्षक लेपाचा थर सापडला. म्हणजे लेप चढला तेव्हा गंज तिथे होता आणि तो काढला गेला नव्हता. कागदावर काम झालेले होते.

हा अहवाल वाचताना मला रंगाखाली झाकलेले ते बूच आठवले. तिथे आठ दिवसांचे पाणी गेले, इथे सोळा माणसे गेली. मोजमाप एक नव्हे, हे मला कळते. पण चूक एकाच जातीची आहे. बाहेर यायला हवे होते, ते आत दाबून वरून काम पुरे केले.

म्हणूनच विमानाच्या जगात प्रोपेलरची स्वतंत्र नोंदवही असते. कोणत्या तारखेला, किती तासांवर, कोणते ग्रीस दिले आणि काय आढळले, हे लिहून परवानाधारक अभियंत्याने खाली सही करायची. वैमानिक त्या सहीवर विसंबून उडतो.

काकाजी आता नाहीत. १९९६ च्या पावसाळ्यात त्यांनी मला शंभर पानी वही आणून दिली होती. आत पट्टीने रेघा मारून दोन रकाने पाडले होते. पहिल्यावर लिहिले होते ‘काय घातलं’ आणि दुसऱ्यावर ‘काय निघालं’. त्या आखणीच्या वह्या माझ्या दुकानात अजून चालतात. मोटार आली की आधी खालचे बूच काढतो, निघालेले ग्रीस कागदावर घेतो, बोटांत चोळून पाहतो आणि दुसरा रकाना आधी भरतो. त्या बागेतली मोटारही दरवर्षी पोळ्यानंतर माझ्याकडेच येते. तिच्या बुचाला मी रंग लावू देत नाही.